रिपोर्ट उघडण्याआधी

होऊ घातलेल्या डॉक्टरीणबाईंना,
अनेक आशीर्वाद.

"एक्स-रे सॉफ्टवेअर वाचतं, ईसीजीच्या कागदावर मशीनच निदान छापून देतं, डोस फोनमध्ये असतात. मग सर, आम्ही डोक्यात ठेवायचं तरी काय?" असं विचारलंयस. परीक्षा तोंडावर आली की अशी कुरकुर व्हायचीच. पण त्या कुरकुरीच्या पोटात खरा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पाठांतराचं आधी उरकून टाकू. जे शोधायला अर्धा मिनिटही मिळणार नाही, ते पाठ हवंच. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये (जिवावर बेतणारी तीव्र अ‍ॅलर्जी) मोठ्या माणसाला अ‍ॅड्रेनलिन 0.5 मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. बाकीचं खुशाल बघून लिही, रुग्णासमोर बघितलंस तरी चालेल. दुर्मिळ सिंड्रोमची नावं घडाघडा म्हणणाऱ्यांचं मला पूर्वी फार कौतुक वाटायचं. आता नाही वाटत.

आता मुद्द्याचं. खिशात मावेल अशी एक वही घे. रिपोर्ट उघडण्याआधी, मशीनचं मत वाचण्याआधी, सिनियरला फोन लावण्याआधी त्यात तीन ओळी लिही. मला काय वाटतं, दहापैकी किती खात्री आहे, आणि काय नजरेतून सुटलं तर हा माणूस जिवाला मुकेल. (इमर्जन्सीत आधी हात चालव, वही नंतर. हे सांगायला लागू नये, तरी सांगतो.) मग रिपोर्ट बघ. चौथी ओळ काही दिवसांनी लिहायची: पुढे काय झालं? हीच ओळ सगळ्यात कंटाळवाणी, आणि तिच्यासाठीच बाकीच्या तीन.

हे मला कुणी शिकवलं नाही. इंटर्नशिप संपून वर्ष झालं असेल. पोटात वरच्या बाजूला जळजळतंय म्हणून पन्नाशीचा एक माणूस ओपीडीत आला. बाहेर रांग लागलेली. मी अ‍ॅसिडिटीचं औषध लिहून दिलं. दाराशी जाऊन तो थांबला, काहीतरी सांगायचं होतं त्याला, पण मी पुढचा केसपेपर ओढलाही होता. त्याच रात्री तो हार्ट अटॅकने कॅज्युअल्टीत आला. हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक कधीकधी पोटदुखीच्या वेषात येतो, यावर परीक्षेत मी पानभर लिहिलं असतं. माणूस वाचला. मला हे कळलं तीन आठवड्यांनी, चहा पिताना, दुसऱ्याच कशावर तरी गप्पा चालल्या असताना. चूक बोचतेच. पण त्याहून जास्त बोचतं ते हे की त्या गप्पा झाल्या नसत्या, तर तो माणूस माझ्या हिशेबात 'बरा झाला' म्हणूनच राहिला असता. असे आणखी किती राहिले असतील?

नेमबाजाला गोळी कुठे लागली ते लगेच दिसतं. आपण नेम धरतो, गोळी सुटते, आणि तेवढ्यात आपली पोस्टिंग बदलते. रुग्णाला डिस्चार्ज मिळतो, किंवा तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, आणि बरोबर ठरलो की चुकलो हे आपल्यापर्यंत पोचतच नाही. अनुभव वाढला असं वाटत राहतं. खरं म्हणजे वाढलेला असतो तो आत्मविश्वास.

परीक्षेलाही हे पकडता येत नाही. तू ज्या 'ऑस्की'ला घाबरतेस, ती स्टेशन-स्टेशनची, दर स्टेशनवर एक काम करून दाखवायची परीक्षा रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये मांडली. आधीच्या तोंडी परीक्षेत परीक्षकाच्या मर्जीवर बरंच अवलंबून असे, त्या मानाने हे फार चांगलं. पुढे 1990 मध्ये जॉर्ज मिलर यांनी चार पायऱ्यांचा पिरॅमिड काढला: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवता येतं, आणि सगळ्यात वर, रोजच्या कामात खरोखर करतो. ऑस्की तिसऱ्या पायरीपर्यंत नेते. चौथीवर परीक्षक नसतो, रात्रीचे तीन वाजलेले असतात आणि तू दमलेली असतेस. वही त्या पायरीसाठी.

पहिली ओळ कशाच्या जोरावर लिहायची? हिस्ट्रीच्या, म्हणजे रुग्णाने सांगितलेल्या हकिकतीच्या. 1975 मध्येच ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी ओपीडीत नव्याने आलेल्या 80 रुग्णांचा अभ्यास केला होता. त्यातल्या 66 जणांचं निदान पाठवणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी आणि हिस्ट्री एवढ्यावरच झालं, आणि ते शेवटपर्यंत टिकलं. शारीरिक तपासणीने 7 जणांत फरक पडला, लॅबने आणखी 7 जणांत. आकडे जुने आहेत. सीटी स्कॅन तेव्हा नुकताच येत होता. तरी आजही माझ्या वहीत बरोबर निघालेली पहिली ओळ बहुतेक वेळा रुग्णाच्याच एखाद्या वाक्यातून आलेली असते. आणि ते वाक्य आपण बोलूच देत नाही. 1984 च्या एका अमेरिकन अभ्यासात रुग्णाने तक्रार सांगायला सुरुवात केल्यावर डॉक्टरांनी सरासरी 18 सेकंदांत त्याला मध्येच तोडलं होतं. घड्याळ लावून बघ, 18 सेकंदांत काय सांगून होतं. मी आता शेवटी एक प्रश्न ठरवून विचारतो: "अजून काही राहिलंय का सांगायचं?" तो दाराशी थांबलेला माणूस आठवतो म्हणून.

दुसरी ओळ, खात्रीचा आकडा, सगळ्यांना पोरकट वाटते. तिच्यासाठी एक गणित सोडव. एक आजार हजारात एकाला असतो. तपासणीत आजार नसलेल्या शंभरातल्या पाच जणांचा रिपोर्ट चुकून पॉझिटिव्ह येतो. आजार असेल तर मात्र तपासणी तो चुकवत नाही, असं धर. समोरच्याबद्दल दुसरं काही माहीत नाही, रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे. त्याला आजार असण्याची शक्यता किती? 1978 मध्ये हार्वर्डच्या रुग्णालयांतल्या 60 विद्यार्थी आणि डॉक्टरांना हाच प्रश्न घातला होता. सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर होतं 95 टक्के. बरोबर उत्तर साधारण 2 टक्के, आणि ते फक्त 11 जणांना आलं. हजार माणसं डोळ्यांसमोर आण: खरा आजारी एक, खोटे पॉझिटिव्ह जवळपास पन्नास. रिपोर्टचा अर्थ रिपोर्टआधीच्या शंकेवर ठरतो. आधीची शंका लिहिलीच नसेल, तर कागदावर जे छापलंय ते खरं मानण्यावाचून तुझ्याकडे काय उरतं?

तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. सॉफ्टवेअर वापर, टाळू नकोस. मीही वापरतो, आणि त्याने मला एकदोनदा वाचवलंय. फक्त क्रम सांभाळ. पोलंडमधला 2025 चा एक अभ्यास आहे. कोलोनोस्कोपीत (दुर्बिणीने मोठं आतडं तपासताना) पॉलिप, म्हणजे आतल्या गाठी, दाखवणाऱ्या एआयची मदत घ्यायला लागलेल्या डॉक्टरांनी, एआय बंद असताना केलेल्या तपासण्यांत अ‍ॅडिनोमा (पुढे कॅन्सर होऊ शकणारा पॉलिप) सापडण्याचं प्रमाण आधीच्या 28 टक्क्यांवरून 22 टक्क्यांवर आलं होतं. एका अभ्यासावरून निकाल लावू नये, त्याला दुसरीही कारणं असू शकतात. पण ही माणसं अनुभवी होती. त्यांच्याकडे गमवायला काहीतरी होतं. तुझी नजर अजून तयारच व्हायची आहे, आणि मशीनचं मत आधी वाचलंस तर नंतर तुला तेच दिसणार.

चौथ्या ओळीसाठी पाय झिजवावे लागतील. ड्यूटी संपताना पुढच्याला नुसतं "बेड सात स्टेबल आहे" म्हणून निघू नकोस; काय होण्याची भीती आहे आणि तसं झालं तर काय करायचं, तेही सांग आणि त्याच्याकडून वदवून घे. 2014 मध्ये 9 रुग्णालयांत ठरावीक साच्यातला हँडओव्हर शिकवल्यावर वैद्यकीय चुका 23 टक्क्यांनी घटल्या होत्या. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यालाच विचार: काय झालं? सिस्टरांना विचार. त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत असतं, आणि सहसा कुणी विचारत नाही म्हणून त्या सांगत नाहीत.

पहिले दोन महिने वही उघडून वाचायला नको वाटेल. दहापैकी नऊ खात्री लिहिलेल्या ठिकाणी साफ चुकलेली दिसशील. माझंही तसंच झालं होतं. गंमत म्हणजे मी जिथे पाच लिहायचो, तिथे बऱ्याचदा बरोबर निघायचो. पुढच्या वेळी येशील तेव्हा वही आण, नऊवाली पानं आधी बघू.

तुझा,
सर

ता. क. वहीत रुग्णाचं नाव, नंबर, फोन काहीही लिहायचं नाही. वही हरवते, माझी दोनदा हरवली. वय, वार आणि त्याने तोंडाने सांगितलेली तक्रार त्याच्याच शब्दांत, एवढ्यावरून माणूस आठवला पाहिजे. नाही आठवला, तर हिस्ट्री घाईत घेतली होतीस.