दोन साहेबांच्या कात्रीत

"एकाचं ऐकलं की दुसरा चिडतो. मी करू तरी काय?" मी समुपदेशक. नोकरीतली अडचण घेऊन माझ्याकडे आलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत हे विचारतोच. वाशीचे आयटीवाले विचारतात, वागळे इस्टेटमधले सुपरवायझर विचारतात, बँकेतल्या बायका विचारतात. म्हणून त्यातलीच एक गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

चाळिशीचे गृहस्थ. रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत खरेदी विभागात, राहायला कळव्याला. म्हणजे सकाळी आधी उलटं ठाण्याला यायचं आणि तिथून ट्रान्स हार्बरची लोकल धरायची. ऐरोली गेलं की छातीत धडधड सुरू. ईसीजी नॉर्मल आला, तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं.

प्रॉडक्शनचे साहेब म्हणायचे, "माल अर्जंट हवाय, पीओ काढ," म्हणजे खरेदीची ऑर्डर. अकाउंट्सचे म्हणायचे, "तीन कोटेशनं आल्याशिवाय एक रुपया सोडणार नाही." दोघांचं आपसात पटत नव्हतं आणि दोघांचेही निरोप पोचवायला हे.

"ते दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत?"

"मीटिंगमध्ये बोलतात की, मॅडम. पण खरं काय ते माझ्यामार्फत."

"म्हणजे तुमचं खातं खरेदीचं की टपालाचं?"

हसले. पण पुढचे काही आठवडे गाडी तिथेच अडली होती. साहेब कसे राजकारण करतात, आधीचा माणूस का सोडून गेला, अप्रेझलमध्ये कसं मारलं, हे सगळं मी ऐकून घेतलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. पण साहेब बदलणं माझ्या हातात नव्हतं, आणि ते माझ्यासमोर बसलेही नव्हते.

एका शनिवारी ते फारच वैतागून आले. "काल रात्री साहेबांचा मेसेज आला. झोपच नाही. म्हणाले, उद्या माल आला नाही तर तू कामाचा नाहीस."

"मेसेज वाचून दाखवा."

त्यांनी मोबाईल काढला, खाली-वर केला आणि गप्प झाले. मग वाचलं, "स्टीलचं काय झालं? बघ जरा."

"'कामाचा नाहीस' कुठे आहे?"

"लिहिलेलं नाहीये. पण अर्थ तोच ना?"

मी कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे साहेबांनी लिहिलेले शब्द, उजवीकडे यांनी ऐकलेले. डावीकडे एकच ओळ. उजवीकडे मात्र पेन थांबेना: मी नालायक आहे, हे मला काढणार, दोघांनाही खूश ठेवायलाच पाहिजे, एक जरी नाराज झाला तरी मला सोसणार नाही. शेवटची ओळ लिहून झाल्यावर त्यांनी कागद स्वतःकडे ओढला आणि बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "उजवीकडचं साहेब बोललेच नाहीत. मीच बोलतोय."

हे त्यांच्या तोंडून यावं म्हणूनच मी इतके दिवस गप्प होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून जी विचारपद्धत मांडली, तिच्यावर माझा विश्वास उगाच नाही. साहेब खूश असावेत असं वाटण्यात वावगं काही नाही, ते असलेच पाहिजेत या हट्टापायी धडधड होते. दोन साहेबांचं भांडण हे कंपनीचं दुखणं होतं. ते आपण एकट्याने मिटवायचं, हे ओझं यांनी आपणहून उचललं होतं.

मन हलकं झालं तरी सोमवारी कामावर जायचं असतंच. म्हणून मेलचा मसुदा आम्ही एकत्र बसून केला. दोन्ही साहेबांना एकच मेल. तक्रार नाही, "मला त्रास होतो" वगैरे नाही. "आज एका व्हेंडरकडून घेतलं तर माल बुधवारी येईल. तीन कोटेशनं मागवली तर पुढच्या सोमवारी. कसं करायचं ते दोघांनी ठरवून आज चारपर्यंत कळवावं." बस. असा मेल ग्रुपवर टाकायचा नाही आणि रागाच्या भरात तर मुळीच लिहायचा नाही.

अपेक्षेप्रमाणे प्रॉडक्शनच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "मेल कशाला टाकलास? फोन करायचास."

"सर, तुमचं दोघांचं ठरलं की मी पाच मिनिटांत पीओ काढतो."

हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर इतक्यांदा म्हटलं होतं की तिथे ते सहज आलं. साहेबांनी त्यांच्यासमोरच अकाउंट्सला फोन लावला. त्यानंतर मात्र महिनाभर साहेब त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. "आवडलं नाही, मॅडम. पण सोसलं," असं ते म्हणाले, तेव्हा कागदावरची शेवटची ओळ त्यांनीच खोडली, हे मला पुरेसं होतं.

हा उपाय सरसकट कुठेही लावू नका, एवढं बजावते. खोट्या कागदावर सही मागत असतील तर तिथे मनाची समजूत घालायची नसते, नकार द्यायचा आणि लेखी ठेवायचा. बाईला लैंगिक त्रास होत असेल तर २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती नेमावीच लागते, आणि तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. "तुमचा दृष्टिकोन बदला" असं तिथे सांगणारा समुपदेशक आधी बदला.

आणि मेलला उत्तरच आलं नाही तर? हा प्रश्न हमखास येतो. दुसऱ्या दिवशी त्याच मेलखाली एक ओळ लिहायची: "काही कळलं नाही, म्हणून नियमाप्रमाणे तीन कोटेशनं मागवतो आहे, माल सोमवारी येईल." बहुतेक वेळा यावर अर्ध्या तासात फोन येतो.