कम्युनिटी कॉलेजात ओपन सोर्स शिकवायचं तर सुरुवात कुठून करावी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला सर. जूनपासून सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स, लॅबमध्ये ४ जीबी रॅमचे जुने पीसी, लायसनला पैसे नाहीत म्हणून प्राचार्य म्हणतायत सगळं ओपन सोर्सवर, म्हणजे ज्याचा कोड कुणीही बघू-बदलू शकतो अशा सॉफ्टवेअरवर घ्या, आणि पोरं आत्ताच विचारायला लागलीत की यानं नोकरी लागणार का. मी कोल्हापूर भागात नऊ वर्षं हेच शिकवतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे "फुकट मिळतंय म्हणून वापरतोय" असं पोरांना चुकूनसुद्धा सांगू नका. आपल्या मराठीत बरं आहे, फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं, इंग्रजीत दोन्हीला 'फ्री' हा एकच शब्द त्यामुळं मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या रिचर्ड स्टॉलमनना १९८३ ला ग्नू प्रकल्प सुरू केल्यापासून हाच फरक समजावत बसावं लागलं. हे गरिबाचं फोटोशॉप आहे असं एकदा डोक्यात बसलं की पोरं शिकत नाहीत, नुसता वेळ काढतात. माझी पहिली दोन वर्षं अशीच गेली. लिबरऑफिसमधलं राइटर म्हणजे वर्ड, कॅल्क म्हणजे एक्सेल, हे बटण त्या बटणाच्या जागी, असं मेनू शिकवणं चाललेलं, पोरं पास झाली आणि घरी जाऊन परत क्रॅक टाकलेलं सॉफ्टवेअर वापरायला लागली.

फरक पडला तो नकाशामुळं. २०१९ चा महापूर आणि लगेच २०२१ चा, आपल्याकडं कुणाला वेगळं सांगायला नको. वर्गातली निम्मी पोरं पूरपट्ट्यातली, म्हणून ठरवलं की प्रत्येकानं आपल्या गल्लीचा, आपल्या वाडीचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणीही भर घालू शकतो अशा जगाच्या खुल्या नकाशावर भरायचा, घरं, रस्ते, विहिरी, शाळा, आणि पाणी कुठवर आलं होतं ते क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या लेयरवर (थरावर) घ्यायचं. (पुराची पातळी ओपनस्ट्रीटमॅपमध्ये टाकायची नसते, तिथं जमिनीवर कायम असलेलंच टाकायचं, हे आधीच सांगून ठेवा.) भिंतीवरची पाण्याची रेघ टेपनं मोजायची आणि कुठपासून मोजली ते लिहायचं. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका हे पोरांना पाठ असतंय, पण तो आकडा बंधाऱ्याच्या पट्टीवरचा, भिंतीवरच्या फुटांशी तो थेट जुळवता येत नाही, यावर एक अख्खा तास जाऊदे.

आता एक प्रसंग सांगतो. शिरोळ तालुक्यातली एक मुलगी, घरी ऊस, तिनं घरापासून मळ्यापर्यंतची पाणंद नकाशावर काढली आणि वस्तीतला रस्ता म्हणून टॅग (प्रकार सांगणारी खूण) लावला. तीन दिवसांनी कुणा अनोळखी माणसाची तिच्या चेंजसेटवर, म्हणजे एकत्र जतन केलेल्या बदलांवर इंग्रजीत कमेंट, की उपग्रहाच्या फोटोत दोन्ही बाजूला शेतंच दिसतायत, हा शेतरस्ता तर नाही ना. ती घाबरली, तिला वाटलं आता अकाउंट बंद होणार. त्या दिवशीचा पोर्शन बाजूला ठेवला आणि सगळा वर्ग तेवढ्यावरच बसला. पाणंदीतनं काय काय जातंय? बैलगाडी, ट्रॅक्टर, उसाची ट्रॉली. पावसाळ्यात? चिखल, पण घराकडच्या तुकड्यावर मुरूम टाकलाय, तिथनं मोटरसायकल जाते. मग ती म्हणाली, सर, पुरात गावचा डांबरी रस्ता पाण्याखाली होता, म्हसरं आम्ही ह्याच पाणंदीनं वर काढली. तिनं त्या रेषेचे दोन तुकडे केले, एकाला मुरमाचा टॅग, एकाला मातीचा, आणि चार ओळी इंग्रजी स्वतः लिहून उत्तर दिलं. समोरच्यानं आभार मानले. एडिट हिस्टरी म्हणजे काय, रिव्ह्यू म्हणजे काय, दुसऱ्याचं काम दुरुस्त करताना कसं बोलायचं, हे मला त्यानंतर कधी फळ्यावर लिहावं लागलं नाही. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, शिकवायला घेतलं तेव्हा तीच मुलगी बाकीच्यांना सांगत होती, अरे हे आपल्या पाणंदीसारखंच आहे.

इन्स्टॉलेशनचं थोडक्यात. ४ जीबीवर लुबुंटू किंवा मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, ही हलकी लिनक्स, बिनधास्त चालते, हार्डडिस्क जुनी असेल तर आधी एसएसडीसाठी भांडा. पोरांच्या घरच्या लॅपटॉपवर पहिल्या महिन्यात ड्युअल बूट (विंडोजशेजारी लिनक्स टाकणं) नको, इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणारा लाइव्ह पेनड्राइव्ह द्या, माझ्या एका विद्यार्थ्याचं पार्टिशन उडालं आणि त्यात बहिणीच्या लग्नाचे फोटो होते, ते अजून मनाला लागून आहे. मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड पहिल्याच दिवशी चालू करून द्या. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीत आहेत, डाउनलोड करून ठेवा म्हणजे नेट गेलं तरी तास बुडत नाही, फक्त व्हिडिओ लावून आपण बाहेर जायचं नाही, पोरगं कुठं अडकतंय ते मागं उभं राहून बघायचं.

नोकरीबद्दल पोरांशी खरं बोला. पतसंस्था, सीएचं ऑफिस, आडत दुकान, सगळीकडं टॅलीच विचारतात आणि प्रेसवाले कोरलड्रॉचीच फाइल मागतात. ते लपवू नका. मी जीएसटी आणि नावे-जमा आधी कागदावर पक्कं करून घेतो, मग ईआरपीनेक्स्ट हे हिशोब-व्यवहाराचं सॉफ्टवेअर दाखवतो, ते मुंबईच्या कंपनीनं केलंय आणि पूर्ण ओपन सोर्स आहे हे ऐकून पोरांची मान ताठ होते. ज्याचं नावे-जमा पक्कं, त्याला टॅली पंधरा दिवसांत येतंय. प्रेससाठी पानं मांडायच्या स्क्रायबसमधनं सीएमवायके (छपाईच्या चार रंगांतली) पीडीएफ काढायला शिकवा, चित्रं काढायच्या इंकस्केपमधनं थेट दिलं तर रंग फसण्याची शक्यता जास्त.

आणि प्राचार्यांना भेटाल तेव्हा क्रेडिटचा हिशोब घेऊनच जा. यूजीसीच्या स्किल कोर्सच्या मूळ रचनेत सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटला ३० क्रेडिट होते, त्यातले १८ स्किलचे. स्किलच्या क्रेडिटमधले निदान ४ नकाशासारख्या खऱ्या कामाला मागून घ्या, आणि मार्क नुसते काम पूर्ण झालं म्हणून नको, आलेल्या कमेंटला उत्तर काय दिलं त्यालाही द्या.

तुमची पोरं कुठल्या भागातली आहेत ते कळवा. पूरपट्ट्यातली असली तर आमच्या वर्गाची फॉर्म आणि टॅगांची मराठी यादी पाठवतो, आणि शिरोली-गोकुळ शिरगावकडची, घरात फाउंड्रीचं (धातू ओतायचं) काम असलेली असली तर नकाशा सोडा, फ्रीकॅड या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) करायला घ्या, श्रिंकेज अलाउन्स, म्हणजे धातू आकसतो म्हणून द्यायचं जादा माप, किती धरायचा ते त्यांचे वडीलच येऊन सांगतील.