आईचे दागिने लिंबू-सोड्याच्या गरम पाण्यात सगळे एकत्र धुतले तर चालतील का? आणि ठेवायचे कसे?

नाही चालत. आधी त्यातली नथ बाजूला काढा, मग पुढचं वाचा.

आमच्याकडे हेच झालं. ऑगस्ट २०१९. पुतण्याच्या बायकोची पहिली मंगळागौर ६ तारखेला, आणि ४ तारखेला रविवारी गोदावरीला पूर. गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली की सराफ बाजारात पाणी शिरतं, ते नाशिककरांना सांगायला नको. दागिने उजळायला सराफाकडे द्यायचे होते, ते राहिले. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "त्यात काय एवढं, घरीच करू." मी पत्री आणायला गेले होते. परत आले तर गॅसवर पातेलं, त्यात लिंबाच्या फोडी, आणि पाटल्या, गोठ, पैंजण, सासूबाईंची नथ, सगळं एकत्र रटरटतंय.

पाटल्या चकचकीत निघाल्या, खोटं नाही बोलणार. गोठ लाख भरलेले, त्यांच्या सांध्यातून तपकिरी लाख ओघळली होती. नथीचे मोती ओले होते तोवर काही कळलं नाही. पंचावर सुकले तेव्हा पिठूळ दिसायला लागले, तांदळाच्या कण्यांसारखे.

मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. कडाप्पाही त्याचाच. कडाप्प्याच्या ओट्यावर लिंबू सांडून राहिलं की पांढरट डाग पडतो आणि काही केल्या जात नाही, हे आपल्याला माहीत असतं. मग नथीला तेच लिंबू कसं लावतो? जाऊबाई आजही म्हणतात, मोती जुनेच होते, त्यांचं पाणी जाणारच होतं. तर ऐका. त्या नथीतला एक मोती आधीच निघाला होता. सासूबाईंनी तो कुंकवाच्या रिकाम्या डबीत कापसात ठेवला होता, म्हणून तो पातेल्यात गेला नाही. तो अजून तसाच आहे, उजेडात धरला की आत गुलाबी झाक दिसते. त्याच नथीतला, तेवढाच जुना.

तुमचं सोनं असेल तर कोमट पाणी, रिठा किंवा साधा सौम्य साबण, लहान मुलांचा मऊ ब्रश. पातेल्यात धुवा, मोरीत नळाखाली नको. टूथपेस्ट अजिबात नको, २२ कॅरेट सोनं मऊ असतं, चरे पडतात. लिंबू आणि सोडा एकत्र घालण्यात तर अर्थच नाही, सोडा लिंबाचा आंबटपणा मारतो.

चांदीला मात्र सोडा चांगला. पातेल्याच्या तळाशी अॅल्युमिनियम फॉइल, त्याला चिकटून पैंजण, वरून कढत पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा. काळेपणा म्हणजे चांदीला चिकटलेलं गंधक, ते अॅल्युमिनियम ओढून घेतं आणि चांदी परत मोकळी होते. घासून काढलं तर थोडी चांदीही झिजते.

मोती फक्त ओल्या मऊ कापडाने पुसायचे आणि लगेच कोरडे करायचे. घालताना अत्तर आधी, मोती शेवटी.

ठेवताना प्रत्येक जिन्नस वेगळा, मलमलच्या तुकड्यात. मोती प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत कोंडू नका. चांदीच्या डब्यात खडूचे दोन तुकडे टाका, ओल धरून ठेवतात. आणि पैंजणांना रबरबँड गुंडाळू नका, त्यातल्या गंधकाने तिथेच काळी रेघ उमटते.

एक राहिलं. चांदीत मुद्दाम काळी केलेली नक्षी असेल, किंवा खडे बसवलेले असतील, तर फॉइलचा उपाय करू नका, नक्षी धुऊन निघेल. पाचूलाही गरम पाणी दाखवू नका, बहुतेक पाचूंत तेल भरलेलं असतं.

आणि जिन्नस धुवायच्या आधी फोटो काढून, वजन वहीत लिहून ठेवा. सुटलेला मोती असेल तर तोही लिहा, कुठल्या नथीतला आणि कधी निघाला ते. आमच्याकडे हे कुणी लिहिलं नव्हतं, म्हणून डबीतला तो मोती त्याच नथीतला आहे हेसुद्धा जाऊबाई मान्य करत नाहीत.