वडिलांना न्यूमोनियात ‘एएफ’ निघालं: जिवाला धोका नेमका कशाचा?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील ७४ वर्षांचे, रक्तदाब आणि मधुमेह आहेच. न्यूमोनियासाठी दाखल केलं, आयसीयूत मॉनिटरवर ठोके अनियमित दिसले, डॉक्टर ‘एएफ’ (एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोके अनियमित पडण्याचा हृदयाचा एक आजार) म्हणाले. दोन दिवसांत ठोके पूर्ववत झाले आणि घरी सोडताना रक्त पातळ करणारी गोळी लिहून दिली. त्यानंतर तुम्ही कुठेतरी वाचलंत की दवाखान्यात एएफ निघालेले रुग्ण जास्त दगावतात. आणि शेजारचे काका सांगताहेत की ठोके नीट झालेत तर गोळी कशाला, उगाच मेंदूत रक्तस्राव व्हायचा.

मी फिजिशियन आहे, आयसीयूत असे रुग्ण रोज पाहतो. आधी तेवढंच सांगतो: ज्यांनी गोळी लिहून दिली त्यांना विचारल्याशिवाय ती बंद करू नका, एक दिवससुद्धा नाही. बाकीचं सविस्तर.

एएफमध्ये हृदयाच्या वरच्या कप्प्यांत मिनिटाला ३५० ते ६०० विद्युत लहरी फिरत असतात. कप्पे आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरतात. त्यातल्या काहीच लहरी खाली उतरतात, त्याही कशाही अंतराने. म्हणून मॉनिटरवरचा आकडा ९६, लगेच १३१, मग १०८ असा उड्या मारत राहतो, आणि बाहेर काचेतून बघणाऱ्या नातेवाइकांचा जीव खालीवर होतो. छातीवर स्टेथोस्कोप ठेवून ठोके मोजले आणि त्याच मिनिटाला दुसऱ्याने मनगटाची नाडी मोजली, तर नाडी कमी भरते. काही ठोक्यांत हृदयात रक्त भरायलाच वेळ मिळालेला नसतो, त्यामुळे तो ठोका मनगटापर्यंत पोचतच नाही. म्हणूनच घरच्या बीपीच्या मशीनवरची नाडी एएफमध्ये फसवी असू शकते.

आता त्या मृत्यूच्या आकड्यांकडे येऊ. ते खोटे नाहीत, पण कोणाचे आहेत ते बघायला हवं. कॅलिफोर्नियातल्या इस्पितळांमधल्या गंभीर सेप्सिसच्या (जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागणं) सुमारे ४९,००० रुग्णांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना त्या आजारपणात नव्याने एएफ झालं, त्यांच्यातले ५६% इस्पितळातच गेले. ज्यांना झालं नाही, त्यांच्यातले ३९%. फरक मोठा आहे. पण दुसरा आकडाही बघा: एएफ नसलेल्यांतही शंभरातले एकोणचाळीस गेलेच. म्हणजे मुळात मृत्यूच्या दारातले रुग्ण होते ते. सेप्सिसमध्ये एएफ बहुधा तेव्हाच उठतं जेव्हा शरीराची दमछाक शिगेला पोचलेली असते: ताप, ऑक्सिजन कमी, पोटॅशियम-मॅग्नेशियम घसरलेलं, बीपी टिकवायला चालू असलेली औषधं. आकडेवारीतून असे सगळे घटक वजा केल्यावरही एएफचा थोडा स्वतंत्र वाटा उरतो, हे मान्य. पण त्या ५६ टक्क्यांत तुमच्या वडिलांना बसवू नका. ते त्यातून बाहेर पडून घरी आलेत.

तुमच्या प्रश्नाला याहून जवळचा अभ्यास दुसरा आहे. ४७ देशांतल्या इस्पितळांच्या तातडीच्या विभागात आलेल्या १५,४०० एएफ रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा केला गेला, त्यात भारतही होता. २०१६ साली तो ‘लॅन्सेट’मध्ये आला. वर्षभरात ११% रुग्ण दगावले. जे मुख्यतः एएफसाठीच आले होते, त्यांच्यात हे प्रमाण ६% होतं. जे दुसऱ्याच आजारासाठी आले आणि सोबत एएफ होतं, त्यांच्यात १६%. तुमचे वडील या दुसऱ्या गटातले. आणि मृत्यू कशाने झाले? सगळ्यात जास्त, जवळजवळ ३०%, हार्ट फेल्युअरने (हृदय कमजोर पडून रक्त पुरेसं न ढकलणं). पक्षाघाताने ८%.

मला मुख्य सांगायचंय ते याच जागी. घरची माणसं ठोक्यांच्या अनियमितपणाला घाबरतात, नाडी पुन्हा एकसारखी लागली की निर्धास्त होतात, आणि मग सगळं सुटतं: बीपीची गोळी, शुगरची तपासणी, एको (हृदयाची सोनोग्राफी), फेरतपासणीची तारीख. माणूस जातो तो बऱ्याचदा या सुटलेल्या गोष्टींमुळे. दवाखान्यात निघालेलं एएफ म्हणजे हृदयाने दिलेली सूचना आहे की ताण आला की मी असा वागतो. न्यूमोनिया बरा झाला म्हणून ती सूचना रद्द होत नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या दीर्घ पाठपुराव्यात असं दिसलं की शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग अशा तात्पुरत्या कारणाने एएफ झालेल्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त लोकांना पाच वर्षांत ते परत झालं. आणि ते परत येतं तेव्हा बऱ्याचदा काहीच जाणवत नाही.

आता गोळीबद्दल, कारण शेजारच्या काकांचा मुद्दा तोच आहे. वरच्या डाव्या कप्प्याला पिशवीसारखा एक कोपरा असतो. कप्पा थरथरत राहिला की तिथे रक्त साचतं आणि गुठळी धरते. झडपेचा आजार नसलेल्या एएफ रुग्णांत हृदयात सापडणाऱ्या सुमारे ९०% गुठळ्या याच कोपऱ्यात असतात. ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात, आणि एएफमधला पक्षाघात सहसा मोठा असतो, माणसाला अंथरुणाला खिळवणारा. कोणाला धोका किती, हे गुणांनी मोजतात. वय ६५ ते ७४ ला एक, रक्तदाबाला एक, मधुमेहाला एक. वडिलांचे झाले तीन. पुढच्या वर्षी पंचाहत्तरी ओलांडली की वयाचे दोन धरतात. पुरुषाचे गुण दोन किंवा जास्त झाले की रक्त पातळ करणारी गोळी, हा नेहमीच्या एएफचा नियम. न्यूमोनियात दोन दिवस झालेल्या एएफनंतर ती किती काळ चालवायची यावर डॉक्टरांत एकमत नाही. काही जण काही महिन्यांनी होल्टर (अंगावर लावून ठोके सतत नोंदवणारं यंत्र) लावून बघतात आणि मग ठरवतात, काही जण सरळ चालू ठेवतात. ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा, फक्त कट्ट्यावरच्या सल्ल्याने ठरवू नका.

रक्तस्रावाची भीती खोटी नाही. पण तराजूच्या दोन्ही बाजू बघा. वॉर्फरिन या रक्त पातळ करणाऱ्या जुन्या गोळीच्या चाचण्या एकत्र केल्या तर पक्षाघात सुमारे ६४ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू सुमारे २६ टक्क्यांनी कमी झालेले दिसतात. नवीन गोळ्यांमध्ये (ॲपिक्साबान, रिव्हारॉक्साबान वगैरे) मेंदूतल्या रक्तस्रावाचं प्रमाण वॉर्फरिनच्या निम्म्याच्या आसपास आहे. आपल्याकडे ‘म्हाताऱ्या माणसाला झेपणार नाही, ॲस्पिरिनवरच ठेवू’ असं फार होतं. २०११ साली वॉर्फरिन न चालणाऱ्या साडेपाच हजारांहून अधिक रुग्णांत ॲपिक्साबान आणि ॲस्पिरिन समोरासमोर तपासलं गेलं. ॲपिक्साबानने पक्षाघात निम्म्याहून कमी झाले आणि मोठा रक्तस्राव दोन्हींत जवळपास सारखाच होता. म्हणजे ॲस्पिरिन देऊन रक्तस्रावाचा धोका फारसा टळत नाही आणि पक्षाघातापासून संरक्षणही तुटपुंजंच मिळतं.

दुसरी चूक डोसची. ‘सांभाळून असावं’ म्हणून अर्धा डोस दिला जातो. ॲपिक्साबानचा डोस कमी करायला तीनपैकी दोन गोष्टी लागतात: वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) १.५ किंवा जास्त. वडील ७४ चे, म्हणजे वयाची अट लागू नाही. उरलेल्या दोन्ही असतील तरच कमी डोस योग्य. डिस्चार्ज कार्डावर काय लिहिलंय ते पडताळून पाहा.

टूडी एको झालाय का? नसेल तर तो आधी करा. आपल्या देशात हे विशेष महत्त्वाचं. वर सांगितलेल्या ४७ देशांच्या त्याच अभ्यासात भारतातल्या ३१.५% रुग्णांना लहानपणीच्या संधिवाताच्या तापातून उद्भवलेला झडपेचा आजार होता, उत्तर अमेरिकेत फक्त २.२%. मायट्रल झडप (डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली) बऱ्यापैकी अरुंद असेल तर नव्या गोळ्या चालत नाहीत. २०२२ साली संधिवाताच्या तापातून झडपेचा आजार आणि एएफ असलेल्या साडेचार हजार रुग्णांत रिव्हारॉक्साबान देऊन पाहिलं तेव्हा वॉर्फरिनच्या गटात मृत्यू कमी झाले. अशा रुग्णाला वॉर्फरिन किंवा ॲसिट्रॉमच (त्याच प्रकारची गोळी) लागतं, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारी तपासणी) २ ते ३ मध्ये ठेवून. पालेभाज्यांनी या गोळ्यांचा परिणाम कमी-जास्त होतो; तरी पालक-मेथी बंद करायची गरज नाही, पण एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा अजिबात नाही, असं करू नये. आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली वेदनाशामकं कुठल्याही रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत घातक. मी पाहिलेले पोटातले रक्तस्राव बऱ्याचदा अशाच गोळ्यांनी झालेले होते.

एएफला खतपाणी घालणारी बाकीची कारणंही बघा. थायरॉइडची टीएसएच ही रक्ततपासणी एकदा करून घ्या. घोरताना श्वास अडकतो का, ते आईंना विचारा. दारू असेल तर पूर्ण बंद; ऑस्ट्रेलियातल्या २०२० च्या चाचणीत नियमित पिणाऱ्यांनी सोडल्यावर एएफ परत येण्याचं प्रमाण स्पष्ट कमी झालं.

हार्ट फेल्युअरवर डोळा ठेवणं तुमच्याच हातात आहे. रोज सकाळी लघवीनंतर, चहाआधी वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, घोट्यावर बोट दाबून खड्डा पडला, किंवा रात्री एका उशीच्या जागी दोन लागायला लागल्या, तर तारखेची वाट न बघता दाखवा. नाडी बसल्या जागी सतत ११० च्या वर राहात असेल तरीही. आठवडेच्या आठवडे वेगाने धावलेलं हृदय थकून कमजोर होतं, पण वेग वेळेत आटोक्यात आणला तर बऱ्याचदा पूर्ण सावरतं. तोंड वाकडं होणं, हात गळणं, बोलणं अडखळणं, काळी शौच किंवा डोक्यावर पडणं, यातलं काहीही झालं तर सरळ तातडीच्या विभागात न्या आणि गोळीचं पाकीट सोबत ठेवा.

दात काढायचा असेल, मोतीबिंदूचं ऑपरेशन असेल, तेव्हा गोळी किती दिवस थांबवायची, थांबवायची तरी का, आणि परत कोणत्या तारखेला सुरू करायची, हे लेखी घ्या. थांबवलेली गोळी परत सुरूच न झालेले रुग्ण अर्धांगवायू होऊन आलेले मी पाहिलेत.

वडिलांचं वजन, क्रिएटिनिन, गोळीचं नाव आणि एकोच्या रिपोर्टमधली झडपांबद्दलची ओळ, एवढं नाव झाकून इथे लिहा. तुमच्या डॉक्टरांना पुढच्या भेटीत नेमकं काय विचारायचं ते त्यावरून सांगतो.