किनारपट्टी की किनारारेषा?

ताई, तुम्ही विचारलंय की टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन बेटाच्या नकाशावरचा मजकूर मराठीत आणताना शोअरलाइनला किनारपट्टी म्हटलं तर चालेल का, अन् शिपिंग चॅनल, बॅरिअर आयलंड यांचं काय करायचं.

किनारपट्टी नका लिहू. पट्टी म्हटली की तिला रुंदी आली, कोकण किनारपट्टीत गावं, बंदरं, आंब्याच्या बागा सगळंच येतं, अन् नकाशावाल्याला पाहिजे नुसती रेघ. म्हणून किनारारेषा. तटरेषाही चुकीचं नाही, पण तट म्हटलं की मला आधी किल्ला दिसतो.

आता ही रेघ काही एका जागी थांबत नाही ना, दिवसभर पाणी वरखाली होत असतं. अमेरिकन नकाशात सरासरी भरतीचं पाणी जिथवर पोचतं ती किनारारेषा, पण त्याच नकाशावर पाण्याची खोली मोजतात ओहोटीच्या पातळीपासून, कारण जहाज कमी पाण्यात बुडाला टेकायला नको. मूळ मजकुरात भरतीचा उल्लेख असेल तिथं सरळ भरतीरेषा लिहा, सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवरच्या सरकारी नियमांच्या, कागदांमुळे तो शब्द रुळलाच आहे. (आपल्या नागपूरच्या झिरो माइलच्या दगडावर कोरलेली १०२०.१७१ फूट उंची तिसऱ्याच पातळीपासूनची, समुद्राच्या सरासरी पाण्यापासून. समुद्र नाही तर नाही, पण त्याचा आकडा आहे बाप्पा आपल्याकडे!)

चॅनलला कोशात वाहिनी सापडेल. शब्द बरोबर आहे पण टायपिंगमध्ये एक काना गळला की संपलं, ‘जहाजे वहिनीतून आत येतात’ असं मी एका प्रूफात स्वतः वाचलंय. जलमार्ग फार मोघम, मुंबई ते दुबईही जलमार्गच. इथला चॅनल म्हणजे गाळ उपसून उपसून खोल ठेवलेला रस्ता, गॅल्व्हेस्टनच्या खाडीतून ह्यूस्टनला जाणारा तर १९१४ मध्ये सुरू झाला. पहिल्यांदा ‘जहाजांसाठी खोल केलेला मार्ग’ लिहा, पुढे खुशाल चॅनल.

बॅरिअर आयलंडला पुस्तकी शब्द रोधक बेट, मला तो औषधाच्या पाकिटावरचा वाटतो. किनाऱ्याला समांतर लांबट वाळूचं बेट, लाटा स्वतःच्या अंगावर घेतं अन् मागची खाडी शांत ठेवतं, मी तर आडोशाचं बेट म्हणीन. एडिटर ऐकत नसेल तर रोधक लिहून मोकळं व्हा.

अन् हो, वाळूच लिहा. रेती म्हटलं की नागपूरच्या माणसाला कन्हान नदीतून रेती आणणारा ट्रक दिसतो.