चाळीस हजारांचं काम, लाखाचं बिल आणि गॅरेजात अडकलेली मोटरहोम

प्रश्न: वकीलसाहेब, मी कोल्हापुरात राहतो, निवृत्त आहे. फोर्स ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेली आमची मोटरहोम आहे. आरसी बायकोच्या नावावर, नोंदणी खाजगी. टपावरच्या हवेच्या झडपेपाशी पाणी गळत होतं, पुढचे ब्रेक पॅड बदलायचे होते आणि आतल्या दिवे-पंख्याच्या दोन बॅटऱ्या गाडी चालवूनही चार्ज होत नव्हत्या. शिरोलीकडच्या एका गॅरेजने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलं, 'सगळं मिळून चाळीसच्या आत.' मी पंधरा हजार आगाऊ दिले. तीन आठवड्यांनी साध्या कागदावर बिल आलं: मटेरियल ६४,०००, लेबर ३४,०००, जीएसटी १७,६४०, एकूण १,१५,६४०. विचारल्यावर कळलं की दोन्ही बॅटऱ्या नव्या घातल्या आणि सगळ्या टपाला कोटिंग मारलं. मला कोणी विचारलं नव्हतं. पूर्ण पैसे दिल्याशिवाय गाडी सोडत नाहीत, वर रोज ३०० रुपये पार्किंग लावलंय. दुसरी किल्ली माझ्याकडे आहे. मित्र म्हणतात, सरळ काढून आण. मागे दोनदा ओळखीच्यांना गाडी भाड्याने दिली होती, मग ग्राहक आयोगात तक्रार चालेल का? आणि असल्या गाडीच्या कामाचा वाजवी दर कळायचा तरी कसा?

उत्तर: आधी ती किल्ली कपाटात ठेवा. मित्रांचा सल्ला तुम्हाला फिर्यादीचा आरोपी करील. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरीची व्याख्या आहे आणि त्याखाली उदाहरणं दिली आहेत. त्यातलं एक थेट तुमचंच आहे: दुरुस्तीचे पैसे येणं असल्यामुळे कारागिराने कायदेशीरपणे ठेवून घेतलेलं घड्याळ, त्याचं ते तारण बुडवण्याच्या इराद्याने मालकाने उचलून नेलं, तर ती चोरीच. वस्तू स्वतःची असली तरीही.

गॅरेजला गाडी ठेवून घेण्याचा हक्क येतो भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० मधून. ज्या वस्तूवर मेहनत किंवा कौशल्य खर्ची घातलं, ती वस्तू त्या कामाचा योग्य मोबदला मिळेपर्यंत अडवून ठेवता येते. पण हा हक्क अरुंद आहे. तो त्याच गाडीच्या त्याच कामापुरता चालतो, आणि तोही सांगितलेल्या कामापुरता. जुनी उधारी त्यात घुसडता येत नाही. गाडी विकायचा अधिकार तर त्यातून मुळीच मिळत नाही. आणि स्वतःच्या वसुलीसाठी गाडी अडवायची व त्या अडवण्याचंच भाडं मागायचं, हे तुम्ही कबूल केलं नसेल तर टिकत नाही. म्हणून जॉबकार्ड दिलं असेल तर त्याची मागची बाजू बारीक अक्षरांसकट वाचा. 'काम झाल्यावर तीन दिवसांनी पार्किंग आकार' असं छापलेलं असतं आणि खाली आपलीच सही असते.

आता बिलाकडे येऊ. 'बिल जास्त आहे' या एका वाक्यावर तक्रार उभी राहत नाही. गॅरेजने किती मजुरी घ्यावी हे ठरवणारा कायदा नाही, आणि नुसतं महाग असणं ही सेवेतली त्रुटी ठरत नाही. तुमची बाजू भक्कम आहे ती दुसऱ्या दोन मुद्द्यांवर: यातलं कोणतं काम मी सांगितलं होतं, आणि त्याचा तपशीलवार हिशेब कुठे आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(९) प्रमाणे सेवेचा दर्जा, प्रमाण आणि किंमत कळणं हा तुमचा हक्क आहे. रीतसर बिल न देणं ही कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. नोटीस लिहाल तेव्हा 'लूट', 'फसवणूक' असले शब्द गाळा आणि याच दोन मुद्द्यांवर ठाम राहा.

सगळ्यात सोपी कात्री जीएसटीच्या ओळीला लागते. साध्या कागदावर, नोंदणी क्रमांकाशिवाय १७,६४० रुपये कर लावलाय. क्रमांक मागा. तो १५ अक्षरी असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो. जीएसटी पोर्टलवर करदाता शोधण्याची सोय सर्वांना खुली आहे. नोंदणी नसलेल्याला कर गोळाच करता येत नाही, आणि कंपोझिशन योजनेतल्या (लहान व्यावसायिकांसाठीच्या सोप्या कर-योजनेतल्या) गॅरेजलाही तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. यांपैकी काही निघालं, तर ती रक्कम वाद न घालता खाली येते. नोंदणी खरी असेल, तर सुटे भाग आणि मजुरी वेगळी दाखवणारं पक्कं कर-बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा २८ टक्के दर उतरून १८ टक्के झाला आहे, त्यामुळे आज कोणी जुना दर लावत असेल तर तोही पकडता येतो.

वाजवी दर शोधताना ही एक गाडी आहे हे विसरा. अर्धी ट्रॅव्हलर आहे, अर्धं घर. चॅसिसचा अर्धा भाग सोपा. ब्रेक पॅड एका अ‍ॅक्सलचा संच म्हणून येतात, खोक्यावर भाग क्रमांक आणि एमआरपी असते, आणि छापील एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही. रिकामं खोकं आणि जुने पॅड मागा. मजुरीसाठी त्याच मॉडेलच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून त्या एका कामाचं लेखी कोटेशन घ्या, तिथे प्रत्येक कामाला ठरलेले तास असतात. चौकशी करताना 'ट्रॅव्हलरचे पुढचे पॅड' एवढंच म्हणा. 'मोटरहोम' म्हटलं की समोरचा तुमच्या खिशाचा अंदाज घ्यायला लागतो.

घराच्या अर्ध्या भागाला कंपनीचं दरपत्रक नसतं. तिथे सामान किती आणि तास किती, असंच मोजावं लागतं. झडपेसाठी टपाला पडलेलं भोक बहुतेक १४ बाय १४ इंचांचं असतं. झडपेच्या कडेची पट्टी धरून बाहेरचा घेर पावणेदोन मीटरच्या आसपास. म्हणजे पट्टीखाली जेमतेम दोन मीटर ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट फीत), आणि वरून, इंचभर रुंद व तीन मिलिमीटर जाड थर दिला तरी, फट बुजवणाऱ्या सीलंटची ३०० मिलिलिटरची एक ट्यूब पुरून उरते. बिलात डझनभर ट्यूबा असतील तर त्या कुठे लागल्या ते विचारा. मजुरीला मात्र उगाच नाक मुरडू नका. आधी कोणी तिथे सिलिकॉन फासलं असेल तर ते पूर्ण खरवडून काढावं लागतं, कारण सिलिकॉनवर दुसरं काही धड चिकटत नाही. दोन माणसांचा अर्धा-पाऊण दिवस त्यात सहज जातो. शिवाय पाणी आत जिथे टिपकतं तिथेच वरून शिरतं असं नसतं, म्हणून गळती शोधण्याचा वेळही कामातच धरावा लागतो. पूर्ण टपाचं कोटिंग हे वेगळं काम आहे. ते झडपेच्या गळतीत आपोआप बसत नाही.

बॅटऱ्यांचा मुद्दा तुमच्या बाजूने सगळ्यात वजनदार आहे. गाडी चालवूनही चार्ज होत नाही, ही तक्रार बहुतेकदा बॅटरीची नसते. मधला फ्यूज उडालेला असतो, रिले चिकटलेला असतो, अर्थिंगची जोडणी गंजलेली असते किंवा डीसी-टू-डीसी चार्जर (गाडी चालताना आतल्या बॅटऱ्या भरणारं उपकरण) गेलेला असतो. तपासणी दोन मिनिटांची आहे. लेड-अ‍ॅसिड बॅटरी काही तास विसावल्यावर १२.६ व्होल्टच्या वर दाखवत असेल तर भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी. इंजिन चालू केल्यावर तिच्या टोकांवर १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. आकडा जागचा हलला नाही, तर दोष चार्जिंगच्या वाटेत आहे. तेव्हा गॅरेजला लेखी विचारा: बदलण्याआधी व्होल्टेज किती होतं, लोड टेस्ट (भार देऊन तपासणी) केली का, नव्या बॅटऱ्यांचे अनुक्रमांक आणि वॉरंटी कार्डं कुठे आहेत, जुन्या कुठे गेल्या. जुन्या बॅटरीतल्या शिशाला भंगारात पैसे येतात. ते बिलातून वजा झालेले दिसत नाहीत.

इथे एक सावधगिरी. गॅरेजचा वकील करार अधिनियमाचं कलम ७० पुढे करील: काम फुकट करायचा इरादा नव्हता, लाभ तुम्ही घेतलात, मग मोबदला द्या. त्यावर आत्ताच लिहून ठेवा की बॅटऱ्या मी स्वीकारलेल्या नाहीत, माझ्या जुन्या परत बसवा आणि नव्या काढून घ्या. जुन्या भंगारात गेल्या असतील तर अडचण त्यांची. गाडी आल्यावर मात्र वर्षभर त्याच बॅटऱ्यांवर फिरून 'मला नको होत्या' म्हणाल, तर आयोग त्यांची वाजवी किंमत तुमच्यावर धरील, आणि ते चुकीचंही म्हणता येणार नाही.

आता क्रम सांगतो. आजच व्हॉट्सअ‍ॅपवर आणि स्पीड पोस्टने, पोचपावतीसह, एक पानी पत्र पाठवा. त्यात तीन सांगितलेली कामं, चाळीस हजारांचा त्यांचा शब्द, न सांगितलेली दोन कामं, आणि सात दिवसांत भागनिहाय व तासनिहाय हिशेबाची मागणी. त्यातच लिहा की ताबा गॅरेजकडे असेपर्यंत करार अधिनियमाच्या कलम १५१ प्रमाणे गाडी नीट सांभाळायची जबाबदारी गॅरेजची आहे. विमा मध्येच संपत नाही ना, तेही बघून ठेवा. मूळ चॅट पुसू नका, फोन बदलू नका. पुढे इलेक्ट्रॉनिक पुरावा म्हणून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागेल.

सात दिवसांत समाधान झालं नाही, तर माझं मत स्पष्ट आहे: पैसे भरा आणि गाडी घरी आणा. उभ्या गाडीच्या बॅटऱ्या उतरतात आणि भांडण लांबतं. पण रोख देऊ नका. दोन वेगळ्या रकमा बँकेतून पाठवा. आगाऊ दिलेले पंधरा धरून चाळीस पुरे करणारे २५,००० निर्विवाद म्हणून, आणि उरलेले ७५,६४० (जीएसटीची रक्कम तोवर कमी झाली तर तेवढे वजा करून) 'विरोध नोंदवून, हक्क राखून, फक्त वाहन सोडवण्यासाठी' म्हणून. हेच शब्द त्याच दिवशी लेखी कळवा. पार्किंगच्या दोन-अडीच हजारांसाठी फाटक अडवलं, तर तेही याच शब्दांत देऊन टाका. गेटपासवर 'काम समाधानकारक झाले' असं छापलेलं असतं. सहीच्या वर स्वतःच्या हाताने 'हक्क राखून' लिहिल्याशिवाय सही करू नका. गाडी हलवण्याआधी किलोमीटरचा आकडा, टप, बॅटऱ्यांचे अनुक्रमांक आणि आतलं सामान यांचा सलग व्हिडिओ काढा. घरी आल्यावर टपावर पाइपने पाणी सोडून बघा, खालून वर, एकेका जागी दहा-पंधरा मिनिटं. गळती तशीच असेल तर त्रुटीचा खरा मुद्दा हातात आला.

एवढी रक्कम एकदम भरणं शक्य नसेल, तर आधी तक्रार दाखल करून ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३८(८) खाली अंतरिम आदेश मागता येतो: वादातली रक्कम आयोगात जमा करतो, गाडी सोडायला सांगा. मार्ग चांगला आहे, पण गाडी तोवर तिथेच उभी राहते.

तक्रारीआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पुष्कळ गॅरेजवाले तिथून फोन आला की हिशेबाला बसतात. नाहीच जमलं तर कोल्हापूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं, आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. ई-जागृती या सरकारी पोर्टलवरूनही दाखल होते. कायद्यात तीन महिन्यांत निकाल असं लिहिलं आहे, पण प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ धरून चाला. सोबत उद्यमनगरातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं आणि एखाद्या बसबॉडी बांधणाऱ्याचं, कामाचं तेच वर्णन असलेलं लेटरहेडवरचं कोटेशन जोडा. परवानाधारक वाहन सर्व्हेअरचा अहवाल शपथपत्रासह मिळाला तर उत्तम. 'सगळे म्हणतात महाग आहे' याला आयोगात किंमत नाही, या कागदांना आहे.

भाड्याचं विचारलंत ते बरं केलंत. समोरचा वकील 'व्यावसायिक हेतू' हा आक्षेप घेईल. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये लीलावती ट्रस्टच्या खटल्यात सांगितलं की व्यवहाराचा मुख्य हेतू बघावा. कुटुंबासाठी ठेवलेली गाडी दोनदा भाड्याने गेली, एवढ्याने तुम्ही ग्राहक उरत नाही असं मला वाटत नाही. मात्र खाजगी नोंदणीची गाडी परवान्याशिवाय भाड्याने देणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ चा भंग आहे. ते आता थांबवा, आणि शपथपत्रात 'कधीच दिली नाही' असं खोटं लिहू नका. जाहिरातीचा एक स्क्रीनशॉट आला तर चांगली केस हातची जाईल. आरसीवर वाहनाचा प्रकार काय लिहिलाय तेही बघा. साध्या ट्रॅव्हलरची मोटरहोम केली आणि आरटीओत नोंदच केली नाही, असं असेल तर कलम ५२ चा प्रश्न उभा राहतो. तो तक्रारीआधी आमच्यासारख्या कोणाला तरी कागदपत्रं दाखवून निस्तरा.

आरसी पत्नीच्या नावावर, चॅट आणि पैसे तुमच्या नावाचे. कायद्यात पैसे देऊन सेवा घेणाऱ्याच्या संमतीने तिचा लाभ घेणाराही ग्राहकच असतो, पण हा वाद ओढवून घेऊ नका. नोटीस आणि तक्रार दोघांच्या नावाने करा आणि दोघांच्याही सह्या घ्या.