हवा शुद्ध करणारा रंग? आधी कपाट कशाचं आहे ते सांगा

नवीन फ्लॅटच्या बेडरूमला हवा शुद्ध करणारा रंग लावू की तसला वॉलपेपर, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात कोणता टिकेल, असं विचारलंय तुम्ही. टिकतील दोन्ही. काम किती करतील, यावर आमच्या घरात अजून भांडण चालू आहे.

माझा साळा इंटिरियरची कामं घेतो. बेसा रोडवर फ्लॅट घेतला तेव्हा घरचाच माणूस म्हणून सगळं त्याच्याकडे. मी म्हटलं, कपाटं वॉटरप्रूफ प्लायची कर. तो म्हणे, "भाऊजी, बेडरूममध्ये कुठे पाणी येऊन राहिलं? एमडीएफ टाकू, फिनिशिंग मस्त येते." बायको अर्थातच भावाच्या बाजूने. एमडीएफचं, म्हणजे लाकडाचे तंतू डिंकात दाबून केलेल्या बोर्डाचं, भिंतभर कपाट उभं राहिलं, समोरून चकाचक लॅमिनेट, आतून-मागून कच्चा बोर्ड. मे महिन्यात पोरगी एसी लावून, दार बंद करून झोपायची आणि सकाळी डोळे चोळत उठायची. कपाट उघडलं की नाकात झणका.

यावर साळ्याचा उपाय काय, तर रंग! फॉर्मल्डिहाइड, म्हणजे डोळ्या-नाकाला झोंबणारा वायू, शोषणारा. बिल माझ्या नावाने.

आता बघा, एमडीएफमधला डिंक बहुतेक युरिया-फॉर्मल्डिहाइडचा असतो. उष्णता आणि दमटपणा वाढला की तो वायू जास्त सोडतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात. मी मागितलेली वॉटरप्रूफ, म्हणजे आयएस 710 वाली, प्लाय फिनॉलच्या डिंकाची, ती फारच कमी सोडते. पाण्याचा संबंध नव्हताच, पण ऐकतो कोण.

असे रंग थोतांड नाहीत. त्यातले पदार्थ फॉर्मल्डिहाइडला बांधतात, पण ते संपतात आणि कपाट मात्र वर्षानुवर्षं सोडत राहतं. चाचणी होते बंद पेटीत, तुमची खोली तशी नसते. दुसरा प्रकार टायटॅनियम डायऑक्साइडचा. त्यावर प्रकाश पडला की होणाऱ्या क्रियेवरचा फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांचा 1972 चा शोधनिबंध प्रसिद्ध आहे, त्या घराण्यातला. त्याला अतिनील किरण लागतात. रोमचं 2003 मधलं जुबिली चर्च अशाच सिमेंटचं आहे, पण ते उन्हात उभं आहे. तुमच्या बेडरूमला काच, काचेवर पडदा आणि वर एलईडी. शिवाय प्रक्रिया अर्धवट झाली तर त्यातूनच फॉर्मल्डिहाइड तयार होऊ शकतो. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख नि रस्त्याची धूळ राहिली वेगळीच, तिला यातला कोणताच रंग आवरत नाही.

रंग लावून अख्खा पावसाळा गेला, झणका तिथेच. मग मी दुसरा सुतार बोलावला, कपाट ओढून कच्च्या बाजूंना लॅमिनेट मारून घेतलं, कडांना एजबँड. पुढच्या उन्हाळ्यात एसी बंद, खिडकीत कूलर आणि समोरची खिडकी उघडी. एसी खोलीतलीच हवा फिरवतो, कूलर बाहेरची आत ढकलतो. पोरीचं डोळे चोळणं थांबलं. साळा म्हणतो, "रंगाला असर करायला टाइम लागते, भाऊजी."

जपानने 2003 मध्ये इमारतींचा कायदा बदलला, तेव्हा शोषक रंगाची सक्ती केली नाही. बोर्ड किती वायू सोडतो त्यावर मर्यादा घातली आणि घरात यांत्रिक वायुविजन सक्तीचं केलं. हे मी त्याला दिवाळीत जेवताना ऐकवलं. त्याने पुरणपोळी मागितली.

हां, कूलरने दमटपणा वाढतो, तेव्हा समोरची खिडकी उघडी नसेल तर माझा सल्ला उलटेल. घरात दम्याचा पेशंट असेल तर डॉक्टरला विचारा. धुळीसाठी हेपा फिल्टरवालं यंत्र लागेल. वॉलपेपरबद्दल विचारलंत, तर कोळशाचा थर असलेलाही भरला की थांबतो, आणि चिकटवायचा गोंद आणखी काय सोडेल ते आधी बघा.

कपाटं अजून झाली नसतील तर बोर्डवर ई1 किंवा ई0 (म्हणजे वायू कमी सोडणारा दर्जा) लिहून मागा, रंगाचे पैसे तिकडे वळवा. झाली असतील तर कच्च्या कडा आधी बंद करा. आणि साळ्याला विचारू नका, तुमच्या असो की माझ्या.